गालिनचं वाढतं वय

लिपनेत्स गावात माणूस मरतो एकदाच, पण त्याचा कागद वर्षानुवर्षं निघत राहतो. गेल्याच्या दिवशी एक, चाळिसाव्या दिवशी दुसरा, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि पुढे घरच्यांची माया टिकेल तितकी वर्षं. वर काळी चौकट, मधोमध फोटो, खाली नाव, वय आणि आठवणीच्या दोन ओळी. कणकेची खळ करायची आणि तो घराच्या फाटकाला, विजेच्या खांबाला, पावाच्या दुकानाच्या भिंतीला चिकटवायचा. तरणी माणसं स्पेनला नि जर्मनीला निघून गेली, तेव्हापासून गावात खिडक्यांतून दिसणाऱ्या तोंडांपेक्षा भिंतींवरचीच तोंडं जास्त झाली आहेत. बाहेरून आलेल्याला याची भीती वाटते म्हणे. वाटू दे. आम्हाला त्यांची सवय आहे, आणि एक आहे, ती कुणाच्या चहाड्या करत नाहीत.

ही सगळी तोंडं त्सोन्काच्या हाताखालून गेलेली. चौकातलं फोटोचं दुकान तिचं. आधी तिचा नवरा लुबेन फोटो काढायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि दुकानात ती एकटी उरली. हल्ली फोटो काढायला येतं कोण? ओळखपत्रासाठी नाहीतर कागदासाठी. आणि कागदासाठी लोक काय काय उचलून आणतात! लग्नाच्या पंगतीतला फोटो, त्यात मयताच्या हातात कोंबडीची तंगडी. नाहीतर समुद्रावरचा, उघड्या अंगाचा. त्सोन्का तंगडी काढायची, अंगावर कोट चढवायची. तिच्या कंप्युटरमध्ये एक राखाडी कोट होता. तो एकच कोट घालून गावातले निदान साठ पुरुष देवाघरी गेले असतील. बायकांच्या हनुवटीवरचे केस ती न विचारताच काढी, चष्म्यावरची चमक काढी, कुणाचा डोळा फिरलेला असला तर तो सरळ करी. कॉलरवरची धूळ झटकावी तसा तिचा हात आपोआप जायचा. गेलेल्या माणसाला चारचौघांत नीट दिसू द्यावं, यात वाईट काय, असं तिला वाटे. मलाही वाटायचं.

गालिनची गोष्ट मात्र निराळी.

गालिन हा वेलिकाचा एकुलता एक मुलगा. एकोणिसाव्या वर्षी, नोव्हेंबरात, वीटकारखान्याच्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली आणि तो जागीच गेला. पहिली नऊ वर्षं त्याच्या कागदावर एकच फोटो येत राहिला, लुबेनने काढलेला, पांढऱ्या शर्टातला. दहाव्या वर्षी वेलिका दुकानात आली आणि हातमोजेसुद्धा न काढता उभी राहिली.

"त्सोन्के, आज बाजारात मित्को भेटला मला. आमच्या गालिनच्या बाकावरचा. टक्कल पडलंय त्याला. दोन पोरं होती बरोबर."

"हो, पाहिलंय मी त्याला, मावशी."

"आणि माझा अजून एकोणीसचाच. ती नवी नर्स आली आहे ना, ती फाटकाशी थांबून विचारते, 'आजी, नातू का हो तुमचा?' आता काय सांगू तिला?" तिने काउंटरवरचा कागद बोटाने पुढे सरकवला. "थोडं वय घाल की गं त्याला. तुला येतं सगळं."

इथे त्सोन्काने नाही म्हणायला हवं होतं. पण एकुलतं एक पोर गेलेल्या बाईला नाही म्हणण्याची छाती असलेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. त्सोन्काने फोटो कंप्युटरवर घेतला आणि त्याला दहा वर्षं घातली. गाल जरा भरले, केस कपाळावरून थोडे मागे नेले. वेलिकाने तो कागद छातीशी धरला आणि रडली. "असाच झाला असता गं," ती म्हणाली. "अगदी असाच."

तेव्हापासून दर नोव्हेंबरात एक वर्ष. गावात कुणाच्या मुलांची वयं वाढत नव्हती इतक्या नेमाने, कारण ती परदेशातून येतच नव्हती; पण गालिन नेमाने वाढत होता. वय घालायचं तर ते कुठून तरी आणावं लागतं. कपाळावरच्या आठ्या त्सोन्काने पोस्टमनच्या फोटोतून उचलल्या, कानाजवळचे पांढरे केस भूगोलाच्या मास्तरांचे, आणि तिशी ओलांडल्यावर पांढऱ्या शर्टावर तो राखाडी कोटही चढला. लुबेन गेल्यावर त्याच्या गळ्याची वळीही तिने गालिनला दिली. का दिली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणाच्या तरी गळ्यावर ती राहावी असं वाटलं, इतकंच.

आणि तिची चूक झाली ती इथेच. दरवर्षी ती मागच्या वर्षीचीच फाईल उघडे, तिच्यात एक वर्ष घाली आणि त्याच नावाने ठेवून देई. नवं नाव कशाला द्यायचं? गेलेल्यांनी कंप्युटर आधीच गच्च भरलेला.

वेलिकाही काही कमी नव्हती. नवा फोटो घरी गेला की ती जुना चौकटीतून काढून चुलीत घाली; लहानपणचे तर पहिल्याच वर्षी गेले. "एका घरात दोन गालिन नकोत," ती म्हणे. "एक दुसऱ्याच्या ताटातलं खाईल." विसाव्या वर्षी तिने थडग्यावरचं चिनी मातीचं चित्रसुद्धा बदलून घेतलं. तिथे एकोणीस वर्षांचा होता, त्या जागी एकोणचाळिसाचा बसला.

यंदा वेलिका एक्याऐंशीची झाली. मृतांच्या शनिवारी सगळं गाव आपापल्या थडग्यांवर जातं; त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, ती दुकानात आली. पाय सुजलेले, दर चार पावलांना थांबत. त्सोन्काने खुर्ची पुढे केली आणि सवयीने फाईल उघडली.

"यंदा वय घालू नकोस," वेलिका म्हणाली.

"बरं. गेल्या वर्षीचाच ठेवते."

"तो नको. सगळं काढून टाक. माझा पोरगा मला परत दे."

त्सोन्काने माउसवरचा हात उचलला. "काय झालं, मावशी?"

"तो येतो. तू केलेला. दुपारी जरा डोळा लागला की येतो. फाटकात उभा राहतो, टोपी काढतो आणि म्हणतो, 'मावशी, प्यायला पाणी मिळेल का?' मावशी! आई नाही. मी म्हणते, अरे, मी तुझी आई. तर म्हणतो, 'तुम्ही दुसरंच कुणी समजताय मला.' अगदी सभ्य माणूस आहे गं, त्याला शिव्यासुद्धा देता येत नाहीत. आणि त्याच्या मागे कुणीतरी उभं असतं. मी वाकून बघते, मान लांब करून बघते, पण हा बाजूला होतच नाही."

"औषधांनी पडतात अशी स्वप्नं."

"औषध छातीचं आहे, डोक्याचं नाही." वेलिकाने रुमालाची गाठ सैल केली. "डॉक्टर म्हणतो वसंत बघाल. मला नाही वाटत. त्सोन्के, मी मरायला भीत नाही. पण तिकडे माणसांची काय थोडी गर्दी असेल? डोळे मिटले की मला हाच बाप्या दिसतो. मी पोराच्या शेजारून निघून जाईन. त्याने हाक मारली तर म्हणेन, कोण रे बाबा तू?"

त्सोन्काने फाईल बंद केली. "शनिवारी या," ती म्हणाली. "काढून ठेवते."

ती गेल्यावर त्सोन्काने शोधायला घेतलं. कंप्युटरमध्ये गालिन नावाची एकच फाईल होती, त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाची. तिची कुठे नक्कल नव्हती. लुबेनच्या निगेटिव्ह तळघरात होत्या. नऊ वर्षांपूर्वी नदी तिथे शिरली आणि त्यांचा चिखल झाला, तो त्सोन्काने स्वतः फावड्याने उपसला होता. तिने मित्कोच्या बायकोला फोन केला, तिने स्पेनमधल्या सारागोसातल्या कुणाला केला, आणि संध्याकाळपर्यंत शाळेच्या शेवटच्या वर्षाचा फोटो आला. गालिन मागच्या रांगेत, मसुराच्या दाण्याएवढा, आणि पुढच्या मुलीच्या केसांनी तोही निम्मा झाकलेला. मोठा केला तर नुसते चौकोन.

शुक्रवारी तिने दुकानाला आतून कडी घातली आणि जे यायला नको होतं ते तिच्या मनात आलं. घातलेलं वय आपणच काढू शकतो की. पोस्टमनच्या आठ्या पुसल्या, मास्तरांचे केस काळे केले, लुबेनची वळी काढली. तिला वाटलं होतं, हे सगळं काढलं की खाली गालिन असेल. खाली होती ती तिनेच पूर्वी कुठूनतरी आणलेली कातडी, आणि तीही काढली की त्याखाली काहीच नाही. दुपारपर्यंत एक देखणा एकोणीस वर्षांचा मुलगा तयार झाला.

तिने मान वर केली तेव्हा काचेबाहेर राखाडी कोटातला माणूस उभा होता. कपाळाला आठ्या, कानाशी पांढरे केस. तो दुकानातल्या फोटोंकडे शांतपणे बघत होता, आपला नंबर येण्याची वाट बघावी तसा. त्सोन्का उठली, तिने कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. समोरच्या खांबावर गालिनचा गेल्या वर्षीचा कागद होता, तोच काचेतून तसा दिसला असेल. असेलच. पण आत येऊन ती पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही.

शनिवारी सकाळी सगळं गाव स्मशानात जाऊन आलं. वेलिका तिथूनच आली, हातात कागदी पेल्यात गेलेल्यांच्या नावाने वाटायचा शिजवलेला गोड गहू. त्सोन्काने चमचाभर खाल्ला, "देव त्यांना क्षमा करो," म्हणाली आणि फोटो पुढे ठेवला.

वेलिकाने तो जवळ धरला, लांब धरला. खिडकीपाशी नेला.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचा?"

त्सोन्काला खोटं बोलता आलं असतं. मावशी, तुमची नजर गेली आहे, असं म्हणता आलं असतं. दहा मिनिटांत वेलिकाने ते मानलंही असतं. पण हातात अजून तो गव्हाचा चमचा होता.

"मावशी, खरा फोटो नाही उरला. मी दरवर्षी त्याच्यावरच काम करत गेले. मीच पुसला. हा मी काल बसून केला."

वेलिकाने फोटो काउंटरवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे तो पुन्हा एकदा गेला. आणि मला कळवलंसुद्धा नाहीस. निदान कागद तरी लावायचास."

त्सोन्का रडायला लागली. वेलिकाने तिला रडू दिलं, गप्प केलं नाही. त्सोन्काच्या मते तेच योग्य होतं.

"पुरे आता," शेवटी वेलिका म्हणाली. "कारखान्याचा बसथांबा. दरवर्षी मी तिथे एक लावते. जुना कधी काढला नाही, त्याच्यावरच नवा. बस बंद होऊन चार वर्षं झाली, तिथे साफसफाईला कोण मरायला जातंय? चल, गाडी काढ. आणि ऊन पाणी घे."

वीटकारखान्याचा थांबा म्हणजे तीन भिंती आणि वर सिमेंटचं छप्पर. धुकं इतकं की वळण दिसत नव्हतं, आणि त्सोन्काच्या मते ते बरंच होतं. आतल्या भिंतीवर कागदावर कागद बसून गोधडीएवढा जाड थर झाला होता. वेलिका बाकावर बसली, मांडीवर थर्मास. त्सोन्काने स्पंज उन्हवणीत बुडवला आणि गेल्या वर्षीच्या गालिनच्या तोंडावरून फिरवला. खळ सुटली. तिने पातळ उलथनं खाली सरकवलं आणि कागद ओढला.

खाली त्याच्या आदल्या वर्षीचा. मग त्याच्या आदल्या. मध्ये मध्ये गावची इतर मंडळी येत होती.

"हा पोस्टमन," वेलिका म्हणाली. "याने माझी पत्रं वाचली आहेत, सांगून ठेवते. देव त्याला क्षमा करो. पुढे."

प्रत्येक थरापाशी ती एवढंच म्हणे, क्षमा करो, पुढे. गालिन एक एक वर्षाने लहान होत होता. अठ्ठेचाळीस, साठ, सत्तर वर्षांच्या माणसांमधून तो एकटाच उलटा चालत निघाल्यासारखा दिसत होता. त्सोन्काची बोटं सुरकुतली. एका गालिनचा कागद निघाला आणि त्याच्याखाली, अगदी त्याच जागी, लुबेन होता.

तिने त्याचा कागद इथे लावला होता हे ती विसरूनच गेली होती. ती हातातल्या कागदाकडे बघत राहिली, मग भिंतीकडे. तोच गळा. तीच वळी. आणि भिंतीवरच्या लुबेनला मात्र वळी नव्हती, कारण नवऱ्याच्या कागदासाठी तिने ती काढून टाकली होती. जिच्यावर तीस वर्षं तिने सकाळी हात ठेवला, ती वळी नवऱ्याच्या गळ्यावर नव्हती, परक्याच्या पोराच्या गळ्यावर होती. ती गार भिंतीला टेकली.

"काढ गं," वेलिका म्हणाली, पण या वेळी हळू. "तो काही रागावणार नाही. लुबेन कधी कुणावर रागावला नाही."

सर्वांत खालचा कागद पिवळा पडला होता आणि एका कोपऱ्याला गंजलेल्या खिळ्याचा डाग होता. त्सोन्काने तो काढायचा प्रयत्न केला नाही, नुसता पुसला. पांढरा शर्ट. कोवळा गळा. मिटलेले ओठ. एकोणीस वर्षं.

"मावशी, या."

वेलिका उठली आणि भिंतीपाशी आली. चष्मा पुसला. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. त्सोन्का तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिथे जे उमटायला हवं होतं ते उमटत नव्हतं.

"हाही नाही," वेलिका म्हणाली.

"अहो, हाच! पहिलाच कागद आहे हा. याला मी हात लावलेला नाही."

"तू नाही लावलास." वेलिका भिंतीला हात टेकून उभी होती. "डोळा, त्सोन्के. आत्ता समोर बघून आठवलं. त्याचा एक डोळा फिरायचा. दमला की, नाहीतर लांब कुठे बघत असला की. शाळेत म्हणायचे, एक डोळा फळ्यावर, एक खिडकीत. जन्मभर चिडवलं पोराला. तो गेला त्या दिवशी मी लुबेनकडे आले आणि म्हटलं, डोळा सरळ कर त्याचा, मेल्यावर तरी कुणी हसायला नको. लुबेनने निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. तो नको म्हणत होता. मीच ऐकलं नाही."

धुक्यातून कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग त्सोन्काला एक गोष्ट सुचली, आणि ती तिने घाईघाईने सांगितली, तहानलेल्याला पाणी द्यावं तशी.

"मग सोपं आहे, मावशी! या कागदाचा फोटो काढते आणि डोळा फिरवते. पाच मिनिटांचं काम. कुठला डोळा?"

वेलिकाने बोट उचललं आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याशी नेलं. मग उजव्याशी. पुन्हा डाव्याशी. बोट हवेत थांबलं आणि खाली आलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

तिने ते तीनदा म्हटलं. त्सोन्का तिला धरून गाडीपर्यंत घेऊन आली. वाटेत वेलिका एकदाच बोलली, घरापाशी उतरताना. "आज पण येईल तो," ती म्हणाली. "पाणी मागायला."

पुढच्या बुधवारी वेलिका पुन्हा दुकानात आली, काळा रुमाल बांधून, नवं लोकरी जाकीट घालून. जाण्याची तयारी आमच्याकडे आधीच करून ठेवतात. कपडे, मोजे, मेणबत्त्या, सगळं ट्रंकेत असतं. तिच्याकडे फोटो तेवढा राहिला होता.

"माझा काढ," ती म्हणाली. "कागदासाठी. आणि शपथ घे, बोट लावणार नाहीस. मस्सा ठेव, मिशी ठेव. मला तो ओळखता येणार नाही, निदान त्याला तरी मी ओळखू येऊ दे."

त्सोन्काने तिला स्टुलावर बसवलं. "इकडे भिंगाकडे नका बघू, डोळे मिचकावता तुम्ही. तिकडे दाराकडे बघा. बाहेर, चौकाच्या पलीकडे."

वेलिकाने लांब बघितलं. त्सोन्काने बटण दाबलं.

फोटो स्क्रीनवर आला तसा त्सोन्काने तो मोठा केला आणि तिचा हात आपोआप चालू लागला, थेट डाव्या डोळ्याकडे. बुबुळ बाहेरच्या बाजूला सरकलं होतं. फार नाही, गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकं. तिने कडा पकडली, आत ओढायला घेतली, आणि थांबली.

हा डोळा तिने याआधीही ओढला होता. वेलिकाच्या ओळखपत्राच्या वेळी, त्याच्या आधीच्या ओळखपत्राच्या वेळी, नवऱ्याच्या थडग्यावर तिचंही चित्र बसवून ठेवलं त्या वेळी. न विचारता, न बघता. आरशात तो कधी दिसला नसेल, कारण आरसा जवळ असतो. आणि फोटोत तिने तो कधी दिसू दिला नव्हता. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःची नजर कशी आहे हे माहीत नव्हतं, आणि त्यात या दुकानाचा हात होता.

"मावशी," त्सोन्का म्हणाली. "इकडे या. मी काही केलेलं नाही, बघा. आहे तसा आहे."

वेलिका काठी टेकत आली. स्क्रीनकडे तिने म्हाताऱ्या माणसाच्या नाखुशीने बघितलं, स्वतःचा फोटो बघतात तसं. मग ती पुढे वाकली. एका तळव्याने तिने स्क्रीनवरचा रुमाल आणि कपाळ झाकलं. दुसऱ्या तळव्याने गाल, तोंड, हनुवटी. दोन हातांच्या मध्ये फक्त डोळे उरले; एक सरळ बघणारा, एक खिडकीत गेलेला.

तिचे खांदे खाली आले.

"आलास का रे?" ती म्हणाली. "केव्हाचा उभा आहेस?"

त्सोन्का तोंड फिरवून काचेतून बाहेर बघत राहिली. खांबावरचा माणूस राखाडी कोटात तसाच होता.

जाताना वेलिका दारात थांबली. "तो दुसरा आता माझ्याकडे यायचा नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे येईल. त्याला ना थडगं, ना आई. पाणी दे हो त्याला, हाकलू नकोस. त्याचा काय दोष?"

वेलिका डिसेंबरात गेली, झोपेत. पुतण्याने जर्मनीहून फोन करून कागद सांगितले. त्सोन्काने फोटोला हात लावला नाही. मस्सा ठेवला, मिशी ठेवली, डोळा ठेवला. खळ करून ती स्वतःच चिकटवायला निघाली, कारण दुसरं कुणी नव्हतं.

वेलिकाच्या फाटकावर त्रेचाळीस वर्षांचा गालिन होता. एका घरात दोन नकोत, हे त्सोन्काच्या लक्षात होतं. तिने त्याच्यावरच खळ फासली आणि वेलिकाचा कागद नीट, कडेला कड जुळवून बसवला. पण ओला कागद आरपार दिसतो. वेलिकाच्या तोंडातून हळूहळू तो वर आला, त्याच्या आठ्या, त्याचे पांढरे केस, लुबेनचा गळा, आणि दोन सरळ, सभ्य डोळे. तो त्सोन्काकडे बघत होता. तिने कागदावर दोन्ही तळवे ठेवले आणि खळ वाळायची वाट बघत उभी राहिली. थंडी होती, वेळ लागत होता.

"पाणी आणते," ती हलकेच म्हणाली. "घरी गेल्यावर."

तळवे काढले तेव्हा तो गेला होता. शेजारची रूझा पिशवी घेऊन येत होती. ती थांबली, कागदाजवळ गेली, मागे झाली.

"अगं बाई, त्सोन्के, हे काय? म्हातारीला तिरळी केलीस! अशी नव्हती ती. जन्म गेला माझा तिच्या शेजारी. काय गं केलंस तिच्या डोळ्याला?"

त्सोन्काने ब्रश डब्यात बुडवला.

"काही केलेलं नाही," ती म्हणाली. आणि पुढच्या खांबाकडे चालू लागली.